नंदी त्यांचा, चित्र तुमचं; मग नफा कोणाचा?



हस्तकलेवरच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आला. "सर, मला चित्रं बरी जमतात. गावातल्या जुन्या वस्तूंची, खेळण्यांची चित्रं काढून ऑनलाइन विकली तर धंदा होईल का?" होईल. पण त्या प्रश्नाच्या पोटात अजून एक प्रश्न आहे, आणि तो फार थोडे लोक विचारतात. तो मला जामच्या चौरस्त्यावर एका मुलीने विचारला. म्हणून आज व्हिडिओऐवजी सविस्तर लिहितोय.

नागपूरहून हिंगणघाटला जा नाहीतर चंद्रपूरला, वाटेत जाम लागतंच. वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्याचं हे गाव, 44 नंबरच्या हायवेवरचं. इथूनच चंद्रपूरचा रस्ता फुटतो. ट्रक, एसटी, ताडोब्याला निघालेल्या गाड्या, सगळे इथे चहाला थांबतात. मीही थांबलो होतो. आपला चॅनेल बघणारी एक मुलगी भावाला घेऊन भेटायला आली. जवळच्याच गावची. हातात प्लॅस्टिकची फाइल.

फाइलमध्ये एक वॉटरकलर होतं. तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मोठ्यांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान मुलांचा पोळा भरतो, तो तान्हा पोळा. मुलं लाकडाचा बैल सजवतात. पाटीवर उभा, खाली चार चाकं, पुढे दोरी. तो ओढत घरोघरी जायचं आणि बोजारा मिळवायचा, म्हणजे खाऊ-पैसे. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून ही प्रथा सांगितली जाते. वर्धा जिल्ह्यातल्याच सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर माणसाच्या उंचीच्या नंद्यांसाठी प्रसिद्ध आहे. थोडक्यात, आपल्या भागातल्या प्रत्येक माणसाच्या लहानपणी एक नंदी असतो.

आता ते चित्र. वशिंडावरचा रंग उडालेला, कारण मुलं बैल तिथेच धरून उचलतात. एक चाक जरा तिरकं. दोरीला मध्येच गाठ. शिंगांवरचा उजेड दाखवायला तिने पांढरा रंग लावला नव्हता, कागदच कोरा सोडला होता. मी चित्रकलेतला जाणकार नाही, पण हा नंदी कोणीतरी खरोखर समोर ठेवून काढलाय, एवढं कळलं.

तिने त्याची प्रिंट काढून फ्रेम केली आणि इन्स्टाग्रामवर टाकली. 850 रुपये. गिऱ्हाईक पुण्याचं, मुंबईचं, बंगळुरूचं, पण मूळचं सगळं इकडलंच. दिवाळीपर्यंत चाळीसेक फ्रेम गेल्या. खूश होऊन तिने एक फ्रेम नेली गावातल्या सुतारकाकांना दाखवायला. नंदी त्यांनीच घडवलेला होता. तिने तो 500 रुपयांना विकत घेतला होता.

काकांनी चित्र पाहिलं, कौतुक केलं, किंमत विचारली आणि हसून म्हणाले, "माह्या नंदीपक्षा त्याचा फोटूच महाग निंगाला वो पोरी."

काका रागावले नव्हते. पण मुलगी दोन दिवस अस्वस्थ होती. मला म्हणाली, "सर, मी काही चुकीचं करतेय का?"

आधी कायदा समजून घ्या

कायद्याने तिची काही चूक नाही. नंदीचा पारंपरिक आकार कोणा एकाच्या मालकीचा नाही. तो विकत घेऊन समोर ठेवून चित्र काढायला कोणाची परवानगी लागत नाही. उलट त्या चित्राचा कॉपीराइट तिचा आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र तयार झालं की हक्क आपोआप मिळतो, नोंदणीची सक्ती नाही. तो चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं राहतो.

इथेच दोन गोष्टी वहीत लिहून ठेवा. एक, मूळ चित्र विकलं म्हणून कॉपीराइट विकला जात नाही. तो द्यायचा असेल तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. दोन, कोणी कॅलेंडरवाला किंवा टी-शर्टवाला "फाइल द्या, पैसे घ्या" म्हणाला तर करारात मुदत आणि प्रदेश लिहून घ्या. हक्क लिहून दिले आणि त्यात मुदत लिहिली नाही तर कायदा ती 5 वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारत धरतो. आपले लोक उत्साहात सही करतात आणि मग स्वतःचंच चित्र दुसऱ्याच्या मगवर बघतात.

म्हणजे कायदा तिच्या बाजूने. मग प्रश्न संपला का? माझ्या मते नाही. कारण कायदा तुम्हाला गुन्हेगार ठरवत नाही, एवढ्यावरून तुमचा धंदा पक्का होत नाही.

तुम्ही नक्की काय विकताय?

आज मोबाइलवर कोणताही फोटो टाका, एका मिनिटात त्याचं "वॉटरकलर" होतं. फोटोही नको, नुसतं लिहिलं तरी एआय नंदीचं चित्र काढून देतो. मी करून पाहिलं. बैल देखणा आला, पण कुठलाच नव्हता. एकदा जत्रेतल्या खेळण्यासारखा आला, एकदा देवळासमोर बसलेल्या दगडी नंदीसारखा. चाकं मागितली तेव्हा बैलगाडी आली. विदर्भातलं पोरगंही ते बघून म्हणेल, हा आपला नाही.

उद्या हे सुधारेल. चाकं बरोबर येतील, दोरीही येईल. तेव्हा तुम्ही काय विकाल? "सुंदर चित्र" हा तुमचा माल असेल तर स्पर्धा फुकटच्या मालाशी आहे आणि तुम्ही हरणार. पुण्यातल्या त्या गिऱ्हाइकाने 850 रुपये सुंदर बैलासाठी दिले नव्हते. समुद्रपूर तालुक्यातल्या एका गावात, एका सुताराने घडवलेला आणि एका मुलीने समोर बसून रंगवलेला नंदी त्याला भिंतीवर हवा होता. पोस्टखाली तिने तसं लिहिलंही होतं, "आमच्या गावच्या सुतारकाकांचा नंदी".

आता हिशेब नीट बघा. ज्या ओळीमुळे माल विकला गेला, त्या ओळीतला माणूस तुमच्या कॉस्टिंगमध्ये कुठेच नाही. कागद आहे, फ्रेम आहे, कुरिअर आहे. काका नाहीत.

माझं मत स्पष्ट आहे. कारागिराच्या नावावर किंवा गोष्टीवर तुमची किंमत उभी असेल, तर कारागीर तुमच्या खर्चाच्या रकान्यात असलाच पाहिजे. याला मी दान म्हणत नाही. हा कच्च्या मालाचा खर्च आहे, आजवर न मोजलेला.

"सर, मग झाडाचं चित्र काढलं तर झाडाला पैसे द्यायचे का?"

हा प्रश्न एका कार्यशाळेत आला होता, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. तिने नंदीचे 500 रुपये दिले होते, मग व्यवहार तिथेच मिटला असं कोणी म्हणू शकतं. मेहनत तिची, कॅमेरा तिचा, रात्री जागून पॅकिंग तिने केलं. चित्र विकलं गेलं नसतं तर काका नुकसान भरून देणार होते का?

मान्य. तुम्ही आठवणीतला नंदी काढला, दहा नंद्यांवरून एक बनवला, कोणाचं नाव घेतलं नाही, तर तुम्ही कोणाचं देणं लागत नाही. पण एका ठरावीक कारागिराचा ठरावीक नंदी जसाच्या तसा काढला आणि "अस्सल गावच्या कारागिराचा" म्हणून विकला, तर गोष्ट बदलते. 500 रुपयांत तुम्ही लाकूड आणि मजुरी घेतली होती. त्यांचं नाव आणि ओळख विकायचा हक्क त्यात नव्हता. तो वेगळा माल आहे आणि त्याचा वेगळा भाव ठरला पाहिजे.

आपल्या जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ 1934 मध्ये निघाला तो वर्ध्यात. ग्रामोद्योगाचं मगन संग्रहालय वर्ध्यातच 1938 मध्ये उघडलं. त्याच काळात, 1935 मध्ये, गांधीजींच्या आग्रहाने चरखा संघाने ठरवलं की सूत कातणाऱ्या बाईला जगण्यापुरती मजुरी मिळालीच पाहिजे. त्याने खादी महाग होणार होती, विक्री घटेल अशी भीती अनेकांना होती. तरी धोरण बदललं. वस्तू विकणाऱ्याने बनवणाऱ्याचा हिस्सा आधी मोजायचा, हा विचार आपल्याकडे नव्वद वर्षांपूर्वी झालेला आहे. तो आपल्याला परदेशी पुस्तकातून शिकायची गरज नाही.

परवडेल का? चला, आकडे मांडू

खाली मी एका ए4 फ्रेमचा नमुना हिशेब देतोय. तुमचे आकडे वेगळे असतील, स्वतःचे भरा.

छपाई 90, फ्रेम 220, पॅकिंग 40, कुरिअर 80. झाले 430. जाहिरात, तुटफूट, परत आलेला माल यासाठी सरासरी 90 धरा. एकूण 520. विक्री 850. हातात 330.

आता प्रत्येक फ्रेममागे कारागिराचे 60 रुपये धरा. हातात 270. दुखतंय? मग किंमत 900 करा. हातात 320 राहतील, म्हणजे आधीपेक्षा फक्त 10 रुपये कमी. गावची आठवण म्हणून 850 देणारं गिऱ्हाईक, पाठीमागच्या कार्डावर काकांचं नाव आणि "या रकमेतले 60 रुपये यांना जातात" हे वाचून 900 देणार नाही, असं मला वाटत नाही. पण वाटण्यावर जाऊ नका. दहा फ्रेम 900 ला विकून बघा आणि मगच ठरवा.

वर्षाला 100 फ्रेम गेल्या तर काकांचे 6,000 रुपये होतात. 500 च्या नंदीत लाकूड-रंग 200 आणि मजुरी 300 धरली, तर ही 20 नंद्यांची मजुरी झाली. तीही ज्या महिन्यांत नंदीला गिऱ्हाईकच नसतं, तेव्हाची. नंदी हा वर्षातून एकदा विकला जाणारा माल आहे. चित्र बारा महिने विकतं. दोन्ही एकत्र आले तर दोघांचीही अडचण कमी होते.

याच रस्त्यावर पुढे बघा

जामवरून याच 44 नंबरच्या हायवेने दक्षिणेला निघालात तर आदिलाबादच्या पुढे तेलंगणातलं निर्मल लागतं. पोनिकी नावाच्या हलक्या लाकडाची तिथली खेळणी प्रसिद्ध आहेत, आणि तितकीच प्रसिद्ध आहेत निर्मलची चित्रं. नकाशी कारागिरांच्या त्या परंपरेत खेळणं आणि चित्र वेगळे धंदे नाहीत. एकाच गावाच्या नावाने दोन्ही विकले जातात आणि एकाचं नाव दुसऱ्याला गिऱ्हाईक आणून देतं. आपल्याकडे सावंतवाडीच्या चितारी कारागिरांचंही तसंच. लाकूड घडवणं आणि रंगवणं हातात हात घालून चालतं.

आपल्या नंदीला असं नाव अजून मिळालेलं नाही. नंदी घडवणारा एकीकडे, चित्र काढणारी दुसरीकडे, आणि हायवेवर थांबणारी गाडी पाण्याची बाटली घेऊन निघून जाते. जामला थांबणाऱ्या त्या गाडीतल्या माणसाच्या हातात वीतभर उंचीचा नंदी आणि त्याच नंदीचं चित्र असलेलं कार्ड, असा जोड-पॅक का जाऊ नये? यात मला खरी संधी दिसते. पण ती दोघांनी मिळून केली तरच.

खेळणं विकणार असाल तर हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका

चित्र विकणं आणि खेळणं विकणं यांचे नियम वेगळे आहेत. 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना 1 जानेवारी 2021 पासून बीआयएसचं प्रमाणपत्र, म्हणजे आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. हस्तकला विकास आयुक्तांच्या कार्यालयात नोंदणी असलेल्या कारागिराने बनवून विकलेल्या मालाला यातून सूट आहे. म्हणून काकांचं कारागीर ओळखपत्र, ज्याला 'पहचान' कार्ड म्हणतात, ते आधी काढा. विक्रेते म्हणून मध्ये तुम्ही उभे राहणार असाल तर ही सूट तुमच्या व्यवहाराला लागू होते का, हे जिल्हा उद्योग केंद्रात विचारून घ्या. रंग शिसं नसलेलाच वापरा. लहान मूल नंदीचं शिंग तोंडात घालणार आहे, हे विसरू नका.

दुसरं, 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या 18 व्यवसायांत सुतारही आहेत आणि पारंपरिक खेळणी बनवणारेही. अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत, आणि 5 टक्के व्याजाने आधी 1 लाख, ते फेडल्यावर 2 लाखांपर्यंत कर्ज, अशी रचना आहे. अर्ज सीएससी केंद्रातून होतो. काकांना मोबाइल जमत नसेल तर तो अर्ज भरून देणं, हाही तुमच्या भागीदारीचा हिस्सा समजा.

तिसरं, प्रिंटला प्रिंटच म्हणा. "हाताने काढलेलं चित्र" असं लिहून छापील कागद पाठवला तर पहिल्या महिन्यात विक्री होईल आणि दुसऱ्या महिन्यात रिव्ह्यू येतील.

मी कुठे चुकलो

त्या दिवशी चहाच्या टेबलावर मी त्या मुलीला हा सगळा हिशेब करून दिला. फ्रेममागे 60 रुपये, दर महिन्याला काकांच्या खात्यात. माझ्या दृष्टीने प्रश्न सुटला होता.

पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. काका नाही म्हणाले होते. पैसे नको असं नाही, अशा पद्धतीने नको. कधी 120, कधी 300, ते घरात कुठे जातील कळणारही नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांची खरी अडचण वेगळीच होती. पोळ्याआधी, आषाढात, लाकूड घ्यायला हातात रोकड नसते. उधारीवर घेतलं की लाकूडवाला भाव लावतो, आणि पोळ्याच्या कमाईतला मोठा घास तिथेच जातो. ते म्हणाले, द्यायचंच असेल तर आषाढात एकदम दे.

पंचवीस वर्षं धंदा शिकवणाऱ्या माझ्यासारख्या माणसाने त्यांना एक साधा प्रश्न विचारला नव्हता. तुम्हाला पैसे कधी लागतात?

शेवटी दोघांनी एका पानावर लिहिलं. आषाढात 6,000 रुपये आगाऊ. वर्षात शंभरपेक्षा जास्त फ्रेम गेल्या तर वरच्या प्रत्येक फ्रेमचे 60 वेगळे. कार्डावर काकांचं नाव आणि फोटो राहणार, त्यांना दाखवून आणि विचारूनच. चित्राचा कॉपीराइट तिचा. दर वर्षी काका एक नवा नंदी घडवणार आणि तो पहिल्यांदा रंगवायचा हक्क तिचा. खाली दोघांच्या सह्या, साक्षीदार म्हणून भावाची.

यातलं शेवटचं कलम माझं नाही, काकांचं आहे. धंद्याच्या भाषेत ते सगळ्यात मौल्यवान आहे. तिचं जुनं चित्र कोणीही चोरेल, फिल्टर लावून बदलेल. पण पुढच्या पोळ्याचा नंदी कसा असेल, हे आज फक्त दोन माणसांना माहीत आहे.

आता तुमची पाळी

या आठवड्यात एकच काम करा. तुम्ही जे काही विकताय किंवा विकणार आहात, चित्र, रेसिपी, फोटो, रील, काहीही, त्यात दुसऱ्या कोणाची कला, नाव किंवा गोष्ट वापरली आहे का, ते कागदावर लिहा. असेल तर त्या माणसाकडे जा. फोन नको, समक्ष जा. त्यांना तुमची विक्रीची किंमत खरी सांगा आणि विचारा, "यात तुमचं काय असावं, आणि ते कधी मिळालं तर उपयोगाचं?" उत्तर ऐकून घ्या आणि एका पानावर लिहा.

त्यांच्यासमोर तुमची किंमत मोठ्याने सांगायला जीभ अडखळली, तर समजा की हिशेबात काहीतरी राहिलंय.

काय उत्तर मिळालं ते कमेंटमध्ये नक्की लिहा. चार-पाच उत्तरं घेऊन त्यांचं कॉस्टिंग आपण पुढच्या व्हिडिओत सगळ्यांसमोर मांडू. तोपर्यंत धंदा सुरू ठेवा आणि हिशेबाची वही उघडी ठेवा.